सामाईक भिंत

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि ४०३ च्या हॉलची भिंत एकच. बिल्डरनं नऊ इंची सांगितली होती, पण पलीकडचा खोकला ज्या स्पष्टपणे ऐकू येतो त्यावरून मला ती साडेचार इंचीच वाटते. ४०३ चे मालक पुण्याला राहतात. घर भाड्यानं देतात, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर. त्यामुळे पलीकडची माणसं बदलत राहतात आणि त्यांची नावं लक्षात यायच्या आत टेम्पोत सामान चढतं. आवाज मात्र लक्षात राहतात. एक जण पहाटे पाचचा गजर लावून पावणेसातला उठायचा. एका बाई फोनवर बोलताना ‘हो का? हो का?’ एवढंच म्हणायच्या, पण वीस-वीस मिनिटं.

मग एक मुलगा आला. इंजिनिअरिंगचा असावा. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की पलीकडून ढोल सुरू व्हायचा. धम्-टाक, धम्-धम्-टाक. दोन आवर्तनं आणि बंद. की पुन्हा तेच. आवाजाचं एक वेळ सोसलं असतं हो. पण ते पुढेच जाईना त्याचं काय? तबलजीनं ठेका धरावा, गवयानं तोंड उघडावं, आणि तेवढ्यात तबलजीनं उठून पाणी प्यायला जावं, असं रोज पाऊण तास. पाचव्या दिवशी मी लाटण्यानं भिंत ठोकली. पलीकडे शांतता. मिनिटभरात दारावरची बेल वाजली.

“सॉरी काकू. फार मोठा होता का आवाज?”

“आवाजाचं जाऊ दे. पुढचं वाजव की रे!”

तो हसला. “पुढचं नाहीच आहे काकू. लूप आहे.” मग दारातच उभं राहून, चपला न काढता, त्यानं मला ते दोन आवर्तनांचं रामायण सांगितलं. तव्यावरची पोळी करपली, हे मला वासावरून कळलं.

तो ठेका अमेरिकेतल्या एरोस्मिथ नावाच्या रॉक बँडचा. गाणं ‘वॉक धिस वे’, तबकडी १९७५ ची. तबकडीचं नाव ‘टॉइज इन द ॲटिक’, म्हणजे माळ्यावरची खेळणी. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हॉलिस वस्तीत तेव्हा पोरं पार्कमध्ये स्पीकर लावून जमायची. डीजेकडे एकाच तबकडीच्या दोन प्रती, दोन टर्नटेबलांवर. गाण्याच्या सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो तेवढा भाग वाजवायचा, गिटार आत यायच्या आधी दुसऱ्या प्रतीवर उडी मारायची, तोवर पहिली हातानं उलटी फिरवून जागेवर आणायची. असा दोन आवर्तनांचा ठेका हवा तितका वेळ लांबवता येतो आणि त्यावर पोरं शब्द फेकत राहतात, तेच रॅप. कुठली तबकडी वापरतो ते शेजारच्या डीजेला कळू नये म्हणून वरचं लेबल झाकून किंवा खरवडून टाकायची पद्धतही होती. आपल्याकडे मसाल्याचं प्रमाण सांगताना एखादी वस्तू हळूच गाळतात, तसंच.

याच वस्तीतले जोसेफ सिमन्स (‘रन’), डॅरिल मॅक्डॅनियल्स (‘डीएमसी’) आणि डीजे जेसन मिझेल, म्हणजे रन-डीएमसी हा गट. या ठेक्यावर ती कितीतरी वर्षं रॅप करत होती. पण गाण्यात पुढे कोण गातं, काय गातं, याचा पत्ता नाही. गाणं तिथवर कधी पोहोचूच दिलं नव्हतं. बँडचं नावही त्यांच्या लेखी ‘टॉइज इन द ॲटिक’. माझं आणि ४०३ चं काय वेगळं होतं? कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, नाव विचाराल तर नाही.

१९८६ साली त्यांच्या ‘रेझिंग हेल’ या अल्बमचं काम चालू असताना निर्माता रिक रुबिन म्हणाला, ठेका नको, अख्खं गाणंच करा, आणि ज्यांचं आहे त्यांना बोलावून करा. रुबिन तेव्हा अवघा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याचा हिशोब असा की, रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांना रॅप म्हणजे संगीतच वाटत नाही. पण एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर या गाण्यात शब्द असे भराभर ओततो की ते निम्मं रॅपच आहे, एवढं दाखवून द्यावं. रन आणि डीएमसीला रुबिननं तबकडी देऊन शब्द उतरवून घ्यायला घरी पाठवलं. ते ऐकून दोघांचं डोकंच फिरलं. ही कुठल्या खेड्यातली अगम्य बडबड, आम्ही नाही म्हणणार! वर्षानुवर्षं ज्याच्या ठेक्यावर नाचलो त्याची पहिली ओळखदेख ही अशी झाली.

एरोस्मिथचेही दिवस बरे नव्हते. नशापाण्यानं बँड खिळखिळा झालेला, १९८५ चा अल्बम आपटलेला. टायलर आणि गिटारवाला जो पेरी स्टुडिओत आले. नुसते ते दोघंच आले, इथं मी त्या मुलाला थांबवलं. “आणि ड्रमवाला?”

“तो नव्हता काकू.”

जोई क्रेमर त्याचं नाव. पार्कात ज्याच्या दोन आवर्तनांवर सगळी वस्ती उभी होती, त्या माणसाला बोलावणंच नाही. रेकॉर्डिंगला नाही, व्हिडिओतही नाही; तिथं बँडमधल्या बाकीच्यांच्या जागी दुसरेच वादक उभे आहेत. गाण्याचे कर्ते म्हणून नावं लागतात ती टायलर आणि पेरी यांची, मूळ गाण्यालाही आणि नव्यालाही. आमच्याकडच्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या पत्रिका आठवल्या. वरती गवयाचं नाव ठसठशीत, आणि खाली, प्रायोजकाच्या जरासं वर, ‘तबला साथ’. मुलाला यात फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं, अजूनही वाटतं.

गाणं चाललं मात्र जोरात. मूळ गाणं १९७७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं होतं. नवं १९८६ मध्ये चौथ्यावर पोहोचलं. रॅप करणाऱ्या गटाचं गाणं पहिल्या पाचात जाण्याची ती पहिलीच वेळ. ब्रिटनमध्ये आठवं. ‘चौथ्यावर’ म्हटल्यावर मी जरा हिरमुसले. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत वाढलेल्या माणसाला सरताज गीतापलीकडचं काही यश वाटत नाही. माझा भाऊ वहीत पायदानांचा तक्ता आखायचा आणि आवडतं गाणं घसरलं की जेवायचा नाही. अमीन सयानींच्या त्या यादीत रेकॉर्डच्या खपाचा हिशोब असे, तशी गावोगावच्या श्रोता संघांची मतंही असत. बिलबोर्डचंही तेव्हा तसंच काहीसं होतं: दुकानदार आणि रेडिओ स्टेशनं कळवतील त्यावर भिस्त. दुकानातल्या यंत्रावर नोंदलेल्या विक्रीचे आकडे त्या यादीत थेट धरायला लागले ते १९९१ पासून. म्हणजे १९८६ चा चौथा क्रमांक हा माणसांनी माणसांना सांगितलेला आकडा आहे. मला तो जास्त भरवशाचा वाटतो. माझ्या भावाला विचारलंत तर तो उलट सांगेल.

यातून फायदा कुणाचा झाला? दोघांचाही. ‘रेझिंग हेल’ अमेरिकेत दहा लाखांच्या वर खपला, तोवर कुठल्याही रॅप अल्बमचा इतका खप झाला नव्हता. एरोस्मिथचं गाडं रुळावर आलं, पुढच्याच वर्षीचा त्यांचा अल्बम धो धो चालला. ज्या गाण्याला रन आणि डीएमसी नको नको म्हणत होते तेच त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं, आणि ते दुसऱ्याचं.

शेवटी त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. मी पदराला हात पुसून चष्मा आणला. अगदी आमचाच मजला! एका खोलीत केस सोडलेले, माइकच्या दांड्याला ओढण्या गुंडाळलेले ते रॉकवाले तालीम करताहेत. पलीकडे काळ्या हॅटमधले रन-डीएमसी वैतागलेत. मधे भिंत. हे आवाज वाढवतात, ते भिंत बडवतात. अखेर टायलर माइकच्या दांड्यानं भिंतीला भगदाड पाडतो आणि त्यातून डोकं बाहेर काढून गायला लागतो. “बघा,” मुलगा म्हणाला, “लाटण्यानं सुरुवात झालीये, आता डोकं घाला.” मी म्हटलं, सोसायटीचे सेक्रेटरी दंड लावतील.

या व्हिडिओनं काळ्या-गोऱ्यांमधली भिंत पाडली, असं बरेच जण लिहितात. असेलही. २०२० च्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात एरोस्मिथ आणि रन-डीएमसी पुन्हा एकत्र आले, तेव्हा आयोजकांनी स्टेजवर खोटी विटांची भिंत उभी केली आणि या वेळी रन-डीएमसी ती फोडून आत आले. जेसन मिझेल त्यांच्यात नव्हता. २००२ मध्ये क्वीन्समधल्याच त्याच्या स्टुडिओत त्याला गोळी घालून मारलं होतं. तबकडी उलटी फिरवून ठेका लांबवणारा हात त्याचा होता.

मुलगा अकरा महिन्यांनी गेला. जाताना पेढे दिले, नोकरी बंगळूरला लागली म्हणून. नाव त्यानं सांगितलं होतं. लिहीत नाही, त्याला आवडेल न आवडेल. त्याच्यानंतर महिनाभर भिंत मुकी होती. एकदा पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आलं की, पोळपाटावर लाटणं त्याच ठेक्यात आपटतंय आणि दोन आवर्तनांनंतर थांबतंय. पुढचं अख्खं गाणं तोवर मी चार-पाचदा ऐकलं होतं. गिटार मला जरा कर्कश वाटते. ड्रम मात्र सुरेख.

परवापासून ४०३ मध्ये नवीन माणसं आली आहेत. अजून कुणी दिसलेलं नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या घेतात, त्या अर्थी डाळ हरभऱ्याची असावी.