धाकट्याचं वळलेलं पाऊल, सहा प्लास्टर आणि दांडीचे बूट: माझा अनुभव

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पलीकडं. धाकटा जन्मला तेव्हा त्याचं उजवं पाऊल पार आत वळलेलं, तळवा वर आलेला, टाच हाताला लागतच नव्हती. सासूबाई म्हणाल्या ग्रहणात भाजी चिरलीस त्याचं हे, आणि मी दोन रात्री नुसती रडले. ग्रहणाचा काही संबंध नाही, पोटात असतानाच पाऊल असं घडतं, आईचा दोष नसतो, हे डॉक्टरांनी मला नंतर समोर बसवून सांगितलं. माझ्यासारखी कोण रडत असेल तर तिला कळावं म्हणून हे आधीच लिहिते.

आमच्या जावेच्या पोरीचे पाय लहानपणी कमानीसारखे होते, ते आपोआप सरळ झाले, त्यामुळं घरात सगळ्यांचं एकच, मालिश कर, सुटतंय. जवळच्या एका डॉक्टरनी पण चालायला लागू दे मग बघू म्हटलं आणि तिथं आमचे पाच आठवडे गेले. कमानीचे पाय दोन वर्षांपर्यंत बऱ्याच पोरांना असतात, तीन-चार वर्षाला गुडघे एकमेकांना लागतात, ते पण सात-आठपर्यंत बहुतेक सरळ होतात. पण वळलेलं पाऊल वाट बघून सरळ होत नाही.

शेवटी आशाताई तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासणीचं सरकारी कार्ड, बघायला आल्या, पाऊल बघितलं आणि म्हणाल्या वहिनी, उद्याच बेळगावला सरकारी दवाखान्यात न्या, आरबीएसके म्हणून सरकारची पोरांच्या तब्येतीची योजना आहे, तिच्यात याला फुकट उपचार आहे. ह्यांनी सुट्टी काढली, सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. फॉर्म कन्नडमध्ये, तो शेजारच्या एका अक्कानं भरून दिला. डॉक्टर म्हणाले क्लबफूट आहे, पोन्सेटी पद्धतीनं करू. दर आठवड्याला पाऊल हातानं हळूहळू थोडं बाहेर वळवायचं आणि तसंच प्लास्टर घालायचं. प्लास्टर बोटांपासून पार मांडीपर्यंत, गुडघा वाकवून. मी विचारलं बिघाड पावलात आणि मांडीपर्यंत कशाला, तर म्हणाले गुडघ्याखालीच घातलं तर निसटतं आणि पाऊल बाहेर वळलेलं राहत नाही.

घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा अंगठा दाबून बघायची. दाबलं की पांढरा, सोडलं की लगेच गुलाबी झाला पाहिजे. निळा पडला, थंड लागला किंवा बोटं आत सरकली तर तसंच उठून दवाखाना गाठायचा. पाच प्लास्टर झाले तेव्हा पाऊल बाहेर आलं पण टाच अजून वरच. मग टाचेमागची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी जाड शीर, बारीक चिरा देऊन कापून सोडवली, जागा बधिर करून, पाच-दहा मिनिटांचं काम, त्यावर सहावं प्लास्टर तीन आठवडे. तेवढ्यात शीर लांब होऊन परत जुळते.

खरं कठीण त्याच्या पुढं. पाऊल परत आत वळू नये म्हणून दांडीला जोडलेले बूट घालायचे, वळलेला पाय साठ-सत्तर अंशावर बाहेर, चांगला तीस-चाळीसवर. पहिले तीन महिने तेवीस तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेला, चार वर्षांपर्यंत. पहिले चार दिवस पोरगं नुसतं रडलं, दोन्ही पाय धरून सायकल मारल्यासारखं वरखाली केलं की शांत व्हायचं, एकच पाय हलवायला जातं म्हणून रडतं. आधी मधला पट्टा आवळायचा, टाच खाली टेकली का मागच्या भोकातून बघायचं, मग नाडी.

गणपतीत पाहुणे आले, सगळे म्हणाले बिचाऱ्याला सणाला तरी मोकळं सोड, आणि मी सोडलं. आठ दिवसांचा महिना कधी झाला कळलंच नाही. पाऊल परत आत यायला लागलं, दोन प्लास्टर पुन्हा घालावे लागले. आता तो सव्वातीन वर्षांचा आहे, अंगणात पळतो, उकिडवा बसतो. रात्री जेवण झालं की ह्यांनी एक पाय धरायचा, मी दुसरा, आधी मधला पट्टा. बूट परत लहान झालेत, या सोमवारी मापाला बेळगावला जायचंय.