शीतली साखर

शी तपासायचं टेबल लॅबमध्ये कुणालाच नको असतं. नवीन पोरं आली की रक्ताच्या मशीनकडे धावतात आणि शी-लघवीच्या डब्या माझ्याकडे सरकतात. मिरजेत चौदा वर्षं हेच करतेय, त्यामुळे आता त्याचं काही वाटत नाही. बाहेर घाण वाटणारी गोष्ट टेबलावर आली की नुसता नमुना होते.

पावसाळ्यातला सोमवार होता. कवठेमहांकाळकडच्या एका खेड्यातून एक आजी, त्यांची बाळंतीण लेक आणि सदतीस दिवसांचं बाळ, असे तिघं पहिल्या एसटीनं आले होते. आजींनी पिशवीतून एक डबी काढली. झाकणाला दोऱ्यानं चार वेढे.

"कधी धरली, आजी?"

"पाटंचं पाचला."

घड्याळात साडेनऊ वाजले होते. हातात तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, शीतली साखर आणि पीएच, म्हणजे आंबटपणा, तपासण्याची. ही तपासणी शिळ्या नमुन्यावर होत नाही. शीतले जंतू मधल्या वेळात साखर खाऊन टाकतात आणि आंबटपणाही बदलतो. डायपरमधलं खरवडून आणलं तरी चालत नाही, कारण पातळ पाणी डायपर पितो आणि साखर त्या पाण्यातच असते. मी तसं सांगितलं तर आजींचा चेहराच उतरला. "आता परत कवा करायचं ह्यानं?"

बाळानं त्यांना फार वेळ ताटकळत ठेवलं नाही. बाहेरच्या बाकावर, आजींच्या मांडीवर, दुपटं भेदून त्यानं असा काही आवाज केला की रांगेतले शुगरचे पेशंटसुद्धा हसले. प्लास्टिकच्या कागदावर धरलेला ताजा नमुना दोन मिनिटांत माझ्या टेबलावर होता. हळदीसारखा पिवळा, पातळ, मध्ये दह्याच्या कणीसारखे ठिपके आणि वास आंबूस. सांगलीच्या माणसाला हळदीच्या रंगाचं काय कौतुक सांगायचं म्हणा, पण आईच्या दुधावरच्या बाळाची शी अशीच असते.

थोडी शी पाण्यात मिसळली, फिरवली, वरचं पाणी घेतलं. निळ्या बेनेडिक्टच्या द्रावणात आठ थेंब टाकून नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. साखर नसेल तर निळं राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि खूप असेल तर विटकरी होतं. आता ही साखर म्हणजे आपल्या कारखान्याची नव्हे. उसाची साखर कितीही टाका, बेनेडिक्ट निळंच राहील. ते ओळखतं ग्लुकोज, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि त्यांच्या जातीच्या साखरा. त्यातली नेमकी कुठली, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

नळी हिरवट पिवळी झाली. पीएचची पट्टी ५ वर, म्हणजे आंबट.

चाकोरीनं जायचं तर रजिस्टरमध्ये 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळं व्हायचं. पण डबी घेताना आजींच्या पिशवीत मला पावडरीचा डबा दिसला होता. नवाकोरा, सील न फोडलेला, लॅक्टोज नसलेला. मी बाहेर जाऊन विचारलं. लेक खाली बघत बोलली, "डॉक्टर म्हणाले, साखर निघाली तर माझं दूध त्याला पचत नाय. रिपोर्ट आला की बंद करायचं. येताना डबा घेऊनच आलो." तिच्या ब्लाऊजवर दुधाचे दोन ओले डाग होते. आजी मध्येच म्हणाल्या, "आवं, दिवसाला आठ-नऊ येळा शी करतंय. पैलं बाळंतपण, माझ्याकडं हाय. त्येला काय झालं तर सासरची माणसं म्हंतील, म्हायेरी आबाळ केली."

मी बाळाचं लसीचं कार्ड मागितलं. आशाताईंनी नीट भरलेलं होतं. जन्माचं वजन २.८ किलो, अठ्ठाविसाव्या दिवशी ३.६. ज्याला दूध पचत नाही ते बाळ महिन्यात आठशे ग्रॅम वाढेल का, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी अगदी असाच रिपोर्ट माझ्या हातून गेला होता. 'पॉझिटिव्ह, पीएच ५', बस्स. तीन महिन्यांनी तीच बाई पुन्हा आली, मुलाला जुलाब म्हणून. मुलाच्या तोंडात बाटली. दूध कधी तोडलं विचारलं तर म्हणाली, "तुमच्याच रिपोर्टनंतर की." जुलाब बाटलीमुळेच लागले असं मी म्हणणार नाही, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण 'तुमच्याच' हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

तर मी नळी आणि कार्ड घेऊन आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले. मॅडम कमी बोलतात. त्यांनी नळी बघितली, वय विचारलं, वरचं काही देतात का विचारलं. बाळगुटीसुद्धा नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग हे असंच यायचं. ही साखर बाळासाठी नसतेच मुळी."

एक लिटर आईच्या दुधात साधारण सत्तर ग्रॅम लॅक्टोज आणि चाळीस ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, हे मी शिकले होते. त्यांच्या पाठोपाठ तिसरा नंबर लागतो तो साखरांच्या लहान-लहान साखळ्यांचा, लिटरला पाच ते पंधरा ग्रॅम, म्हणजे जवळपास प्रथिनांइतका. दीडशेहून जास्त प्रकार सापडलेत. आणि त्या पचवणारं एकही विकर, म्हणजे एन्झाइम, बाळाच्या आतड्यात नसतं. आईचं शरीर स्वतःची ताकद खर्चून एवढं घडवतं आणि बाळाला त्याचा घासही मिळत नाही, हे मला आधी खरंच वाटेना. त्या साखरा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथं त्यांची वाट बघत बसलेले असतात बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जंतू. ते त्या खातात आणि ॲसिटिक व लॅक्टिक आम्ल सोडतात. आंबूस वास त्याचा, पट्टीवरचा ५ त्याचाच. त्या आंबटपणात ई. कोलायच्या जातीच्या जंतूंना जम बसवणं अवघड जातं आणि आतड्याचं अस्तर घट्ट राहायला मदत होते. शिवाय यातल्या काही साखरा दिसायला आतड्याच्या पेशींवरच्या साखरांसारख्याच. रोगजंतू पेशी समजून त्यांनाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर पडतात.

या प्रत्येक साखळीच्या एका टोकाला लॅक्टोज असतं. म्हणून जंतूंनी खाऊन उरलेल्या साखळ्या शीतून आल्या की बेनेडिक्ट पिवळं पडतं. वयच कोवळं असल्यामुळे थोडं साधं लॅक्टोजही सुटून खाली येतं. म्हणजे नळी खरं बोलत होती, आम्हीच तिचं ऐकून भलताच अर्थ लावत होतो. हाच रिपोर्ट जुलाबानं सुकलेल्या, वजन घटलेल्या बाळाचा असता, तर मॅडमनी डॉक्टरांना लगेच सावध केलं असतं.

मॅडम फोन लावेपर्यंत मी जरा वेळ चोरला. शीचा पातळ थर काचेवर घेतला आणि जंतू उठून दिसावेत म्हणून ग्रॅमचा रंग दिला. चिठ्ठीत हे नव्हतं, काच लॅबचीच गेली. तेल टाकून शंभरच्या भिंगाखाली धरली आणि बघतच राहिले. मोठ्या माणसाची शी बघितली की आठवडी बाजार दिसतो, जांभळे, गुलाबी, गोल, लांब, सगळे एकात एक. इथं जिकडेतिकडे जांभळ्या बारीक काड्या, जवळपास एकाच तऱ्हेच्या. काही टोकाला दुभंगलेल्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. नुसत्या आकारावरून जंतूचं नाव ठरत नाही, हे मला माहीत आहे. तरी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिये यांनी १८९९ मध्ये अंगावरच्या दुधावरच्या बाळाच्या शीत हेच दुभंगलेले जंतू बघितले आणि त्या दुभंगावरूनच त्यांना 'बिफिडस' नाव पडलं. ते आठवून मला जरा शहारल्यासारखं झालं.

मी आजींना आत बोलावलं. नियमात बसत नाही, पण बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून भिंगात पाहिलं.

"ह्ये किडं हायती?"

"किडे नव्हेत, आजी. राखणदार. तुमच्या लेकीच्या दुधातली साखर ह्यांचा पगार."

त्या बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, "आन् पावडर दिली तर?"

पावडर विषारी असते असं मी म्हणाले नाही. ज्या बाळाची खरंच गरज असते त्याला ती तगवते. गाईच्या दुधात या साखरा नावापुरत्याच. हल्ली काही डब्यांत कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतलेली एखाद-दुसरी साखर घालतात, दीडशेतली एखाद-दुसरी. मी एवढंच म्हणाले, "राखणदार बदलतात. सगळ्या प्रकारचे येतात."

आजी गप्प झाल्या आणि मग हळूच बोलल्या, "पैल्या दिशीचा चीक आमी पिळून टाकला हो." मला राग आला, तो आजींवर नाही. म्हैस व्याली की चीक शेजारपाजारी वाटतो, खरवसाची वडी मोडत नाही म्हणून कौतुक करतो, आणि बाळंतिणीचा चीक मात्र जड म्हणून फेकायचा. या साखरा सगळ्यात जास्त असतात त्या त्याच चिकात, लिटरला वीस ग्रॅमच्या वर. हे मी त्यांना सांगितलं नाही. झालेल्याला काय करणार. लेकीला मात्र जाताना सांगितलं, पुढच्या वेळेसाठी.

तोवर मॅडमचा फोन चालला होता. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, पॉझिटिव्हच आहे... नाही, आकडा बदलणार नाही... वजन बघितलंत का?... मग लॅक्टोज कशाला तोडायचं?" मग बराच वेळ नुसतं "हं... हं." डॉक्टरांना ते आवडलं नसावं. लॅबवाल्यांनी उपचारात नाक खुपसू नये असं त्यांना वाटलं असेल, आणि एरवी ते बरोबरही आहे. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाळ तपासा आणि ठरवा. मी फक्त ओळ घालतेय."

ती ओळ अशी: 'केवळ आईच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळात हा निष्कर्ष सर्वसाधारण असू शकतो. वजन व लक्षणे पाहून अर्थ लावावा.' आता नमुना घेतानाच्या फॉर्मवर मी बाळाचं वय आणि 'काय पितं' असे दोन रकाने पेनानं आखते. छापील फॉर्म संपले की छापून घेऊ, असं मॅडम म्हणाल्यात. गठ्ठा मोठा आहे, दोन वर्षं तरी पुरेल.

रिपोर्ट घेऊन लेक पडद्यामागे बाळाला पाजायला बसली. बाळ गुटूगुटू पित होतं आणि आजी एसटीची वेळ मोजत होत्या. पावणेएकला तिघं घाईघाईनं निघाले.

पावडरीचा डबा बाकावरच राहिला. संध्याकाळी आजींचा फोन आला. मला वाटलं, बाळाचं काही विचारतील. त्या म्हणाल्या, "बाई, डबा नीट ठिवा हं. सील फोडू नका. दुकानदार परत घेतो म्हनलाय."