स्कॅनरचं वायफाय लागलं एकदाचं

नवा राऊटर बसल्यापासून माझ्या रेडिओ स्कॅनरला (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचं बोलणं शोधून ऐकवणारं यंत्र) घरचं वायफाय दिसतच नव्हतं. मोबाइलला दिसे, लॅपटॉपला दिसे, यालाच नाही.

आज कापूस वेचणीला सुट्टी होती, म्हणून बसलोच. आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर. मेमरी कार्डातल्या सगळ्या सेटिंग लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या, मग नवी फाइल टाकली. अपडेट अर्ध्यात असताना लाइन गेली तर मशीन कायमचं बसू शकतं, आणि आमच्याकडं लाइनीचा काय भरवसा! पुतण्या म्हणाला, "काका, फवारणी पंपाची बॅटरी लावू का?" १२ व्होल्टचीच ती. पोराचं डोकं भारी चालते! पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकली, पण पूर्ण झाली.

तरी वायफाय नाहीच.

शेवटी राऊटरच्या सेटिंगमध्ये कारण सापडलं. त्यानं आपोआप वायफायचा १३ नंबरचा चॅनल, म्हणजे लहरींचा ठरलेला पट्टा, धरला होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेसाठी बनलेली बहुतेक यंत्रं ११ च्या पुढं बघतच नाहीत. चॅनल ६ केला आणि नाव लगेच यादीत आलं. बाहेरून मागवलेलं कुठलंही यंत्र अडलं, तर आधी हे तपासा.

आता स्कॅनर माळ्यावर अँटेनाजवळ अन् ऐकणं खाली ओसरीत, मोबाइलवर. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स घेतल्यापासून अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज टिपायचा ध्यास आहे. ते डोक्यावरून जातं जेमतेम १० मिनिटं. उद्या अँटेना अजून एक बांबू वर चढवतो.