तूप बदललंत तुम्ही!

दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्या बेकरीत पाव-टोस्टांचा नसतो, लोकांच्या डब्यांचा असतो. सांगलीत अजूनही बरीच घरं नानकटाई विकत आणत नाहीत. मैदा, तूप, पिठीसाखर, बेसन, रवा, वेलदोडे सगळं घरून घेऊन येतात. आम्ही मळून, वळून, भट्टीत भाजून देतो आणि मैद्याच्या किलोमागे मजुरी घेतो. डब्यावर खडूनं नंबर, वहीत नाव आणि मैद्याचं वजन, आणि परातीसमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसलेलं गिऱ्हाईक. बेकरीवाले घरचं तूप बाजूला काढतात आणि डालडा घालतात, ही समजूत माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. कुठे ती खरीही असेल. म्हणून तर बाबांनी परात काउंटरला लागून मांडली, कुणालाही दिसेल अशी.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी आमच्या दरवर्षीच्या एक काकू आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. सोबत सून. या खेपेला सामान सुनेनं काढून आणलं होतं. काकू स्टुलावर, सून मागे उभी.

पहाटेचा पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरत जाते. पावाची आंच नानकटाईला चालत नाही, वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. आमचे थोरले कारागीर भट्टीच्या तोंडाशी हात धरतात, मनात काहीतरी मोजतात आणि "आता सोडा" म्हणतात. फूड टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करून आल्यावर मी हौसेनं लेझरचा थर्मामीटर घेतला. ते "सोडा" म्हणतात तेव्हा त्यावर १७० अंशांच्या आसपास आकडा असतो. यंत्राचा उपयोग म्हणाल तर एवढाच झाला, की मी त्यांना विचारायचं सोडलं.

काकूंचं तूप परातीत पडलं तेव्हाच वास सुटला. घरच्या सायीचं, कणीदार. ते पिठीसाखरेबरोबर तळहातानं घासून घासून पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटायचं. बोटावरचा ठिपका पाण्याच्या वाटीत टाकला आणि तो तरंगला, की फेटणं झालं. हवा भरली. नानकटाईचा खुसखुशीतपणा असतो तो याच हवेचा, सोडा नुसता हातभार लावतो. मग मैदा, बेसन, रवा. इथे पीठ मळायचं नसतं खरं तर, नुसतं गोळा करायचं. मुठीत दाबलं तर मूठ धरावी आणि अंगठा लावला तर फुटावं.

हे पीठ फुटेना. चकाकत होतं, बोटांना लागत होतं.

"ताई, सैल वाटतंय. थोडा मैदा टाकू का?" कारागिरांनी विचारलं.

"काही टाकायचं नाही हं," काकू स्टुलावरूनच म्हणाल्या. "आमचं प्रमाण ठरलेलं आहे."

लोकांच्या मालात आपलं काही घालायचं नाही, हा आमच्याकडचा नियमच आहे. तूप काढल्याचा संशय येतो तसा मैदा घालून वजन वाढवल्याचाही येतो. गोळे वळले, वर पिस्त्याचे काप दाबले, पहिला पत्रा आत गेला.

नानकटाई भट्टीत गेल्यावर पहिली काही मिनिटं बघण्यासारखी असतात. तूप वितळतं, गोळा जरा बसतो, तेवढ्यात मैदा त्याला सावरून धरतो आणि वर भेगा पडायला लागतात. या पत्र्यावर गोळे बसले ते बसतच गेले. शेजारच्याला जाऊन चिकटले, कडेनं तूप बुडबुडायला लागलं, आणि पत्रा बाहेर आला तेव्हा त्यावर एकच्या एक चादर होती.

काकूंना धड दिसत नव्हतं. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं.

"ही नानकटाई? हा तर पापड झालाय." आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "तूप बदललंत तुम्ही!"

वसुबारस, दुकानात पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात तुपाचा डबा. बाबा माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "मजुरी घेऊ नकोस, सोडून दे." अशा वेळी त्यांचा हाच मार्ग. मला तो पटला नाही. पैसे परत करणं म्हणजे रांगेसमोर कबुली देण्यासारखंच.

गंमत अशी, की डालडा असता तर नानकटाई उभी राहिली असती. वनस्पती तूप आंचेत जास्त वेळ दम धरतं, म्हणून त्याची नानकटाई टोपीसारखी फुगीर होते. साजूक तुपाची थोडी पसरतेच. म्हणजे पसरलेला पत्रा हा उलट आमच्या बाजूचा पुरावा होता. पण हे त्या गर्दीत कुणाला सांगणार? डिप्लोमात आम्ही बॉदाँ चाचणी केली होती. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती, साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणूनच. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि चिमूटभर साखर घालून हलवलं, की तिळाच्या तेलामुळे खालचा थर गुलाबी-लाल होतो. फार देखणी चाचणी. पण ॲसिडची बाटली खाण्याच्या मालाशेजारी कोण ठेवणार?

मी वही काढली. काकूंच्या नावापुढे त्या आल्या तेव्हाच लिहिलेलं होतं, मैदा १ किलो १५० ग्रॅम. मागच्या वर्षीची वही ड्रॉवरमध्ये होती. त्यात २ किलो. त्याच्या आदल्या वर्षीही २ किलो.

"काकू, या वेळी कमी करायची होती का नानकटाई?"

"छे, नेहमीइतकीच. दोन मैदा, एक तूप, एक साखर."

मग मी त्यांचा तुपाचा रिकामा डबा हातात घेतला. विकतच्या तुपाचा जुना पत्र्याचा डबा, घरचं तूप भरून आणलेला. बाजूला छापलेलं होतं, १ लिटर. माझं लक्ष सुनेकडे गेलं. तिच्या आधीच लक्षात आलं होतं. डबा बघताच तिनं मान खाली घातली.

घरी तिनं सासूबाईंच्या वहीत पाहून तोच डबा मापाला घेतला होता. दोन डबे मैदा, एक डबा पिठीसाखर, एक डबा तूप. आता लिटरभर तूप भरतं ९०० ग्रॅमच्या वर, पण लिटरभर मैदा जेमतेम पावणेसहाशे ग्रॅम. म्हणजे तूप जवळजवळ पुरं आणि मैदा निम्म्याहून थोडाच जास्त. किलोला अर्धा किलो तूप जायचं तिथे पाऊण किलोच्याही वर गेलं. धरणार कोण त्याला?

पण सगळ्या रांगेसमोर, सासू स्टुलावर बसलेली असताना, "तुमच्या सुनेनं मोजायला चूक केली" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "काकू, तुमची वही आहे का इथे?" सुनेनं पिशवीतून काढून दिली. पान पिवळं पडलेलं, तुपाचे डाग. मैदा २, तूप १, पिठी १. पुढे काही नाही. किलो की वाटी की डबा, काहीच नाही.

"तुम्ही लिहिलंच नाहीये काकू, २ काय ते."

"त्यात लिहायचं काय? दुकानदार किलोनंच देतो!"

"दुकानदार देतो. डबा देत नाही ना."

रांगेत कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काळा चष्मा वर करून मिटमिट्या डोळ्यांनी सुनेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला विचारायचंस की." सून म्हणाली, "तुम्ही झोपला होता, आई." घरी गेल्यावर काय झालं मला माहीत नाही.

उरलेलं पीठ परातीत परत घेतलं. त्यात ४०० ग्रॅमच्या वर मैदा आणि त्या मानानं पिठीसाखर घालायला लागणार होती. या वेळी काकूंच्या परवानगीनं, त्यांच्यासमोर काट्यावर तोलून. मैदा बेकरीचा, त्याचे पैसे वेगळे लावले, बाबांनी डोळे वटारले तरी लावले. पुढचे पत्रे झकास निघाले, भेगा पडलेले, तळाला बदामी. चादरीचे मात्र सुनेनं तुकडे करून डब्यात भरले. मी एक तोंडात टाकला. बेफाम चव होती, उगीच का, एवढं तूप!

तूप बदललं म्हटल्याबद्दल काकू काही बोलल्या नाहीत. आमच्या धंद्यात त्याची कुणी अपेक्षाही करत नाही. त्या उठल्या तोवर मागच्या बाईंनी आपला डबा पुढे सरकवला होता. "माझं तूप पण काट्यावर घाला बघू आधी." त्यांच्या मागच्यांनीही तेच म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच. मैदा, तूप, साखर, प्रत्येकाचं तीन-तीनदा वजन. संध्याकाळचा पाव रात्री साडेनऊला निघाला आणि वडापाववाल्यांचे फोन बाबांनी माझ्याकडे दिले.