चौदा म्हणजे कोणतं चौदा?

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरमधल्या एका संग्रहात मी जुने फोटो नोंदवतो. धूळ झटकायची, स्कॅन करायचं, रकाने भरायचे. फोटोपेक्षा त्याची पाठ बघण्यात जास्त वेळ जातो, एवढंच बाहेरच्यांना माहीत नसतं.

मागच्या मंगळवारी एक फोटो-पोस्टकार्ड हातात आलं. तंबूंसमोर सात गणवेशधारी, हातात बंदुका, आणि मध्ये एक पोरगं. डोक्यावर कुणा शिपायाची टोपी, डोळ्यांपर्यंत उतरलेली. पाठीवर तिकिटाच्या चौकटीत 'आझो' हे फोटो-कागदाचं नाव आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले, म्हणजे कागद १९०४ ते १९१८ मधला. खाली पेन्सिलने लिहून खोडलेलं काहीतरी. दिवा टेबलालगत आडवा धरला की पुसलेल्या अक्षरांचे दाबही सावली टाकतात. या धंद्यातली माझी ऐट काय ती एवढीच. दहा मिनिटं कार्ड फिरवल्यावर दिसलं: 'लडलो, १४'. लडलो हे कोलोरॅडोतल्या एका ठिकाणाचं नाव.

आमची वरिष्ठ म्हणाली, "मिलिशिया लिही, पुढचं घे." तिला महिन्याचा आकडा गाठायचा असतो.

मिलिशिया म्हणजे राज्याने नागरिकांतून उभारलेली फौज. पण कोणती मिलिशिया? कोलोरॅडोच्या दक्षिणेकडचे कोळसा कामगार २३ सप्टेंबर १९१३ ला संपावर गेले. कंपनीच्या घरांतून निघून तंबूंत राहिले. लडलोच्या वसाहतीत बाराशेच्या आसपास माणसं होती. ऑक्टोबरअखेर गव्हर्नर अॅमन्सनी नॅशनल गार्ड, म्हणजे हीच राज्याची फौज, धाडलं, तेव्हा संपकऱ्यांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं. खाणमालकांच्या बंदूकधाऱ्यांपासून हे आपल्याला वाचवतील, अशी भाबडी आशा. सेनापती जॉन चेस तर डेन्व्हरचा डोळ्यांचा डॉक्टर! पुढे राज्याकडचे पैसे आटले, बहुतेक शिपाई घरी गेले, आणि उरलेल्या तुकड्यांत खाणमालकांचे तेच पगारी रक्षक भरती झाले. कालपर्यंत ज्यांच्यापासून संरक्षण हवं होतं, तेच आता सरकारी गणवेशात. २० एप्रिल १९१४ ला, ग्रीक कामगारांच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, गोळीबार झाला, तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली.

म्हणून त्या 'चौदा'वर माझी गाडी अडली. १४ नोव्हेंबर १९१३ असेल, तर हे स्वागत झालेले शिपाई असू शकतात. १९१४ साल असेल, तर यांतला कुणी खाणीचा माणूसही असेल. बर्फ नाही, झाड नाही, ऋतू कळावा असं काहीच नाही. गणवेश दोन्ही वेळचा सारखाच.

मी रकान्यात लिहिलं: 'गणवेशातले सात पुरुष, एक मूल, नॅशनल गार्ड किंवा भरती झालेले खाणरक्षक, १९१३-१४?'

बुधवारी सकाळी नोंद उघडली, तर तिथे फक्त 'मिलिशिया, १९१४' होतं. प्रणाली प्रश्नचिन्ह स्वीकारत नाही म्हणे. मी माझं वाक्य शेरा रकान्यात टाकलं. तिथे कुणी शोधत नाही, हे मलाही ठाऊक आहे. कार्ड अजून टेबलावरच आहे. आज पुन्हा दिवा आडवा धरला, त्या चौदाच्या आधी आणखी काही दाब आहे का ते बघायला.