बनशंकरीची ओटी भरा, पण लगेच परतू नका

बनशंकरी ही महाराष्ट्रातल्या कितीतरी देशस्थ घरांची कुलदेवता. आमचीही. घरात लग्नकार्य झालं की कर्नाटकातल्या बदामीला जायचं, ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरायचं, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. यंदा आईला म्हटलं, मुक्कामाच्या तयारीनंच निघू या. बदामी म्हणजे चालुक्य राजांची जुनी राजधानी, ती पायाशी असताना तिच्याकडे न बघता परत येणं मला फार वर्षं खुपत होतं. तुमचंही कुलदैवत तिथं असेल, तर हे तुमच्यासाठीच.

आधी जाण्याचं. सोलापूर, विजयपूर, बागलकोट, बदामी, गदग असा सरळ रेल्वेमार्ग आहे. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर, पण बाहेर रिक्षा मिळते. राहायला बसस्टँडच्या आसपासच बघा, कारण लेणी आणि तलाव तिथून चालत जाता येतात. मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चनंतर तो तांबडा दगड असा तापतो की दुपारी अनवाणी पाऊल ठेववत नाही. पौषात शाकंभरी नवरात्र आणि पौर्णिमेपासून बनशंकरीची मोठी जत्रा असते. उत्सवासाठीच जाणार असाल तर खोली खूप आधी सांगून ठेवा. शिल्पं निवांत बघायची असतील तर जत्रेचे दिवस टाळलेलेच बरे.

देवीचं देऊळ बदामीपासून पाच किलोमीटरवर, चोळचगुड्डला. मूळ स्थान चालुक्यांच्या काळातलं, सध्याचं देऊळ मात्र अठराव्या शतकात परशुराम आगळे या मराठा सरदारानं बांधलेलं. समोर हरिद्रा तीर्थ हे मोठं दगडी तळं आहे. त्याच्या कडेनं ओवऱ्या, शेजारी उंच दीपमाळ. सिंहावर बसलेल्या अष्टभुजा देवीचं दर्शन झालं, की बाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे जेवा. आमच्यासमोर बसलेल्या मावशींनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, ज्वारीची पातळ भाकरी आईच्या हातात दिली, तिच्यावरच लाल मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एक पालेभाजी वाढली. मडक्यातलं दही शेवटी. आईनं दुसरी भाकरी मागून घेतली. सोबत थोडं कन्नड ठेवा: ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘ऊटा’ म्हणजे जेवण, ‘साकु’ म्हणजे पुरे. हिंदीवर काम भागतं, पण या शब्दांनी समोरचा माणूस हसून बोलतो.

आता लेणी. बहुतेक रिक्षावाले बदामी आणि जवळची पट्टदकल, ऐहोळे ही चालुक्यांची देवळांची गावं एका दिवसात ‘करून देतो’ म्हणतात. कृपा करून हे स्वीकारू नका. एक सकाळ फक्त बदामीच्या चार लेण्यांना द्या आणि उघडल्या उघडल्या आत शिरा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, मग ओवरीत उभं राहायलाही जागा उरत नाही. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज सगळेच बघतात. वेळ द्यायचा तो तिसऱ्या लेण्याला. शेषावर बसलेला विष्णू, नरसिंह, वराह, त्रिविक्रम, एकेक मूर्ती माणसापेक्षा किती तरी मोठी. त्यांच्यावरून नजर काढून खांबांच्या माथ्याकडे न्या. तिथं झाडाखाली उभी असलेली जोडपी कोरलेली आहेत. प्रत्येकाची केशरचना निराळी, अंगावर रेलण्याची तऱ्हा निराळी. मी मान दुखेपर्यंत ती बघत होते. याच लेण्यात मंगलेश या चालुक्य राजाचा शिलालेख आहे: शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८, कार्तिकी पौर्णिमा. इतक्या जुन्या लेण्याची तिथी इतकी नेमकी कळणं हे भाग्यच.

पायऱ्या बऱ्याच आहेत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही प्रत्येक लेण्यात बसून घेत वर गेलो. माकडांचा फार त्रास आहे, हातात खाण्याची पिशवी नको. तलावापलीकडचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिथली लज्जागौरी, म्हणजे प्रजननदेवतेची मूर्ती, चुकवू नका. संध्याकाळ भूतनाथ मंदिरासाठी राखून ठेवा. ते अगस्त्य तीर्थाच्या, म्हणजे याच तलावाच्या, पूर्व काठावर आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट त्याच्यावर येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ऐहोळे. दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवताना थांबण्याचा वेळ धरूनच भाव बोला. बस आहेत, पण तीन ठिकाणं जोडताना त्यांच्या भरवशावर राहिलात तर दिवस वाट बघण्यात जाईल. गजपृष्ठ आकाराचं, म्हणजे मागची बाजू अर्धगोल असलेलं, दुर्ग मंदिर तर बघाच, पण टेकडीवरच्या मेगुती जैन मंदिरापर्यंतही चढा. तिथं भिंतीवर रविकीर्ती या कवीनं राजाच्या स्तुतीपर रचलेली प्रशस्ती कोरली आहे, शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४ च्या सुमाराची. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवल्याचं तिच्यात सांगितलंय आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो अधिपती झाल्याचंही. महाराष्ट्राचा इतका जुना उल्लेख कर्नाटकातल्या एका टेकडीवर दगडात वाचायला मिळतो. मला तिथून हलवेना.

पट्टदकल शेवटी ठेवा, कारण बदामी-ऐहोळ्यात चालुक्य जे करून बघत होते ते इथं पूर्णत्वाला गेलं. मलप्रभेच्या काठी उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड अशा दोन्ही शैलींची शिखरं शेजारी शेजारी उभी आहेत. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. आवार सपाट आहे, वयस्कर माणसांना सर्वांत सोयीचं हेच. विरूपाक्ष मंदिर चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीविजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिनं बांधवलं. आजही तिथं पूजा होते. आत अंधार असतो, छोटी बॅटरी जवळ हवी. मगच खांबांवरचे रामायण-महाभारतातले प्रसंग नीट दिसतात. दाराशी एक शिलालेख आहे, त्यात गुंड नावाच्या स्थपतीला ‘त्रिभुवनाचारी’ किताब दिल्याची नोंद आहे. राणीच्या नावाबरोबर कारागिराचंही नाव टिकलं, याचा मला मनापासून आनंद झाला. वेरूळचं कैलास लेणं बघितलं असेल तर इथं ओळखीच्या खुणा जागोजाग सापडतील. कैलासाच्या घडणीमागे विरूपाक्षाची प्रेरणा आहे, असं अभ्यासक मानतात.

आणखी अर्धा दिवस हाताशी असेल तर बदामीजवळचं महाकूट. गर्द झाडीतली देवळं आणि मधोमध बारमाही झऱ्याचं पुष्करणी कुंड. पोरं त्यात मनसोक्त पोहत असतात. तिथला मंगलेशाचा प्रसिद्ध लेखस्तंभ आता विजयपूरला गोलघुमटाजवळच्या संग्रहालयात आहे, तेव्हा परतीची गाडी विजयपूरवरून असेल तर तो तिथं बघा. तेही शुक्रवारी बंद. आणि घरात कुणाला खणाची हौस असेल तर गुळेदगुड्डला जरूर वळा. खण तिथं हातमागावर विणले जातात. आईनं पुढच्या ओटीसाठीचे खण तिथूनच घेतले.