लाल महाल ते फुले वाडा

आमच्या मंडळातल्या बायकांना वर्षातले सण विचारले तर दिवाळीचा नंबर तिसरा लागेल. पहिला मान २५ नोव्हेंबरच्या, बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या दिवशी निघणाऱ्या मशाल फेरीचा, दुसरा ३ जानेवारीचा, सावित्रीबाईंच्या जयंतीचा. ८ मार्चही आम्ही करतो. पण त्या दिवसावर आता साडीच्या दुकानांनी, बँकांनी आणि इच्छुक नगरसेवकांच्या फ्लेक्सनी इतका हक्क सांगितलाय, की गुलाबाची फुलं नाकारण्यातच निम्मा दिवस जातो. २५ नोव्हेंबरकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. बायकांना मारहाण होते म्हणून वीस टक्के सूट जाहीर करता येत नाही, हे एक बरं आहे.

मंडळ म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांमधल्या बायका. बहुतेकजणी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, काही झाडूकाम करणाऱ्या, आणि माझ्यासारख्या दोन-चार मास्तरणी. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हे शहर विसरलं असेल. आमच्या थोरल्या आक्का विसरल्या नव्हत्या. त्या संपात त्या होत्या. कुठल्याही बैठकीत कुणी "पण मालकीण काय म्हणेल" असं कुरकुरलं की आक्का नुसत्या बघायच्या. तेवढं पुरायचं.

फेरी सुरू झाली नव्वदच्या दशकात. पहिल्या वर्षी एका प्राध्यापक बाईंना बोलावलं होतं, २५ नोव्हेंबरच का ते सांगायला. त्यांनी डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशातल्या मिराबाल बहिणींची हकिगत सांगितली. त्रुहियो नावाच्या हुकूमशहाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, म्हणून १९६० साली या तारखेला तिघींना मारलं आणि गाडी दरीत ढकलून अपघात झाल्याचं भासवलं. पुढे १९८१ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी हा दिवस पाळायचं ठरवलं. देशाचं नाव कुणाच्या लक्षात राहणं शक्य नव्हतं. पण मागे बसलेली एक भाजीवाली मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे स्टोव्हचा भडकाच की!" त्या क्षणी मिराबाल बहिणी आमच्या झाल्या.

स्टोव्हचा भडका म्हणजे काय, हे आमच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. नव्या सुनेचाच पदर पेटायचा, सासूचा कधी नाही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री नावाच्या तरुण विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच सुरू केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टरचं प्रदर्शन भरवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. प्रदर्शन बघून बाहेर पडलेल्या बायका घरी जायचं सोडून तिथेच उभ्या राहून एकमेकींशी बोलत होत्या, अनोळखी असून. गर्दी का जमवायची, याचं उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं, असं आता वाटतं.

तर फेरी. ऑक्टोबरच्या बैठकीत पहिलं भांडण वेळेवरून. चारला काढली तर कामावरच्या बायका येऊ शकत नाहीत, सहाला काढली तर संध्याकाळची भांडी, आठला काढली तर घरचा स्वयंपाक. शेवटी साडेसात ठरायचं. पुढच्या ऑक्टोबरात हे भांडण पुन्हा नव्यानं व्हायचं आणि पुन्हा साडेसातच ठरायचं. साडेसातचं खरं कारण आक्कांनी एकदाच सांगितलं होतं: "अंधारात रस्त्यावर बाई दिसली की लोक विचारतात, कुठं निघाली. आपण तीनशेजणी निघू, मग कुणाला विचारतील?"

मशाली घरी बनवायच्या. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची काठी, टोकाला गोणपाटाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, वरून बारीक तार. तार सैल राहिली की पेटता बोळा खाली येतो, म्हणून तार पिळायचं काम एकाच मावशीकडे; त्या दुसऱ्या कुणाच्या हातात पक्कड देत नसत. रॉकेल रेशनचं. दसऱ्यापासून प्रत्येकीनं आपल्या कोट्यातलं वाटीभर बाजूला काढायचं आणि मंडळाच्या डब्यात ओतायचं. ज्या रॉकेलची आम्हाला दहशत होती तेच आम्ही हौसेनं वाटीवाटीनं जमवत होतो, हे मला फार उशिरा जाणवलं. बायकांना ते आधीपासून माहीत असणार. त्यावर कुणी बोलत नसे. पुढे रेशनचं रॉकेल बंद झालं आणि मशालींच्या जागी मोबाईलचे दिवे आले. पोलिसांची काळजी मिटली. मला ते दिवे आवडत नाहीत, पण पदर पेटण्याची भीती नाही हे कबूल.

लाल महालापासून निघायचं, शिवाजी रस्त्यानं मंडई आणि तिथून गंज पेठेत महात्मा फुले वाड्यापाशी सांगता. अंतर काही फार नाही, पण आम्हाला दीड तास सहज लागे. पहिला थांबा भिडे वाडा. १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा तेव्हाच पडायला झाला होता, खाली दुकानं. समोर दगडूशेठच्या दर्शनाची रांग. रांगेतले लोक आमच्याकडे बघत, आम्ही त्यांच्याकडे. आरती चालू असेल तर घोषणा थांबवायची असा आमचा नियम होता. नियम कुणी सांगितला नव्हता, बायकांनीच पाडला. आरती संपली की मात्र दुप्पट आवाज. "हम भारत की नारी है, फूल नहीं चिंगारी है" ही घोषणा हिंदीतच दिली जाई, कारण ती मराठीत कुणाला जमली नाही. २०२३च्या डिसेंबरात तो वाडा पाडला, आता तिथे स्मारक व्हायचंय. आम्ही अजून त्याच जागी थांबतो.

बुधवार पेठेच्या गल्ल्या तिथून जवळच. पहिली काही वर्षं तिथल्या बायका तोंडाशी येऊन नुसत्या बघायच्या. आमच्यातल्या काहीजणींनाही त्यांच्याकडे बघायचा संकोच. एका वर्षी त्यांच्यातल्या आठ-दहाजणी विचारून-सवरून रांगेत आल्या. झालं, पुढच्या बैठकीत वाद. "आपल्या फेरीचं नाव खराब होईल" इथपर्यंत मजल गेली. तेव्हा तार पिळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मार त्यांनाबी बसतो ना?" वाद तिथे संपला असं म्हणता येणार नाही. दोघीजणींनी मंडळ सोडलं, त्या परत आल्या नाहीत. पण गल्लीतल्या बायका दरवर्षी येत राहिल्या, आणि घोषणा द्यायला त्यांच्याइतका खणखणीत आवाज आमच्यात कुणाचा नव्हता.

फुले वाड्यापाशी पोचल्यावर भाषण नाही. पहिल्या वर्षीच्या लांबलचक भाषणानंतर हा ठराव झाला होता. त्याऐवजी दहा मिनिटांची एक गोष्ट, मग ज्यांना बोलायचंय त्या बोलतील. गोष्ट सांगायची पाळी बहुतेक मास्तरणींवर यायची. एका वर्षी मी मथुरा प्रकरण सांगितलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं. कायदा शिकवणाऱ्या चौघांनी पुढच्या वर्षी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. १९८०च्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस बंदोबस्ताला उभे होते, तेही ऐकत होते. एका वर्षी समोरच्याच वाड्याची गोष्ट: फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्यानं १८६३ मध्ये काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, आणि तसल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो पुढे डॉक्टर झाला. ही गोष्ट दर चार-पाच वर्षांनी पुन्हा सांगावी लागते, कारण बायकाच मागतात.

सगळ्यात गाजली ती मात्र २००६ची. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा महिनाभरापूर्वीच, २६ ऑक्टोबरला लागू झाला होता. त्याआधी हातात होतं ते सासरच्या छळाविरुद्धचं, १९८३चं ४९८ अ कलम. त्यात नवऱ्याला अटक व्हायची, खटला चालायचा, आणि तोवर बाईनं राहायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडे नसायचं. माहेरी भाऊजय, सासरी कुलूप. त्यामुळे तक्रार लिहायला बसलेली बाई अर्ध्यात उठून जायची. आम्ही तिला भित्री म्हणायचो, आमच्या मनातल्या मनात. नव्या कायद्याची कलमं सांगताना आमची वकील मैत्रीण म्हणाली, "घर नवऱ्याच्या नावावर असो, सासऱ्याच्या असो, तुम्ही तिथे राहत असाल तर कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही." एवढ्यावर टाळ्या पडल्या. संरक्षण अधिकारी, पोटगी, नुकसानभरपाई, हे सगळं पुढे होतं, पण ते ऐकायला कुणी तयारच नव्हतं. "ते घराचं परत सांगा," अशी मागणी. तिनं तीनदा सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यात मंडळाच्या खोलीबाहेर चपला मावत नव्हत्या. फेरीला किती बाया आल्या हे वर्तमानपत्रवाले विचारतात. आम्ही त्या चपलांवरून फेरीचा हिशोब मांडतो.

ओवीवाल्या आजींबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. मुळशीकडच्या. गोष्ट संपली की माईक त्यांच्याकडे जायचा आणि त्या तो तोंडापासून हातभर लांब धरायच्या, कारण आवाज पुरेसा होता. जात्यावरची चाल, शब्द त्याच वर्षीचे. एकदा त्यांनी उभ्याउभ्या बांधलेली ओवी माझ्या वहीत आहे:

पयली माझी ओवी गं, माझ्या पाठीच्या वळाला
चवकात गाईन, भ्या न्हाई बाई कुणाला

पहिली ओवी देवाला वाहायची, ही रीत. आजींनी ती वळाला वाहिली. पुढच्या ओव्यांमध्ये नवऱ्याची, दिराची आणि खुद्द वस्तीतल्या पुढाऱ्याची अशी खरडपट्टी निघाली की तीनशे बायका रस्त्यावर हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

हसण्यावरून आम्हाला नावं ठेवली गेली आहेत. एकदा एक पत्रकार मुलगा आला होता, त्याला आमचं हसणं खटकलं. विषय एवढा गंभीर आणि तुम्ही जत्रेत आल्यासारख्या, असं काहीसं तो म्हणाला. त्याचं वय लहान होतं. बाराही महिने गंभीर असलेल्या बाईला वर्षातून एक संध्याकाळ नटून, गजरा माळून, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून रस्त्याच्या मधोमध चालायला मिळतं. ती हसणारच. रडायला यायचं असतं तर पुढच्या वर्षी कोण आली असती? २०२०च्या टाळेबंदीच्या वर्षी फेरी निघाली नाही, फोनवर नुसत्या तक्रारी ऐकल्या, आणि ते वर्ष आम्हाला सगळ्यात जड गेलं.

दिल्लीच्या २०१२च्या घटनेनंतर कॉलेजच्या मुली येऊ लागल्या, त्यांच्याबरोबर मुलगेही. आता नवा वाद सुरू झाला: पुरुषांनी पुढे चालायचं की मागे, घोषणा द्यायच्या की नाही. मुली म्हणाल्या बरोबरीनं चालू दे. थोरल्या बायकांना ते पसंत नव्हतं. पुरुष शेजारी चालला की घोषणेचा आवाज आपोआप खाली येतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. दोन बैठका यात गेल्या. शेवटी ठरलं की पुरुषांनी मंडईपासून पुढच्या वाटेवरच चालावं, आणि त्याआधी मंडईत थांबून सगळ्यांचा चहा करावा. मोठं पातेलं, शेगडी, दूध, आलं सगळं त्यांनीच आणायचं, नंतर घासायचंही त्यांनीच. पातेलं बरं घासतात. चहा मात्र अजून पाणचट होतो, आणि साखरेचा अंदाज एकालाही नाही.